पानं जुनी, सिगार नवा : क्यूबाच्या ‘एदिसिओन लिमितादा’ची पार्श्वभूमी

क्यूबाचा ‘एदिसिओन लिमितादा’ म्हणजे मर्यादित आवृत्तीचा नवा सिगार दुकानात आला की शौकिनांमध्ये लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, पेटी उघडा आणि आजच ओढून बघा. दुसरा म्हणतो, निदान तीन वर्षं तरी हात लावू नका. दोघांच्या बाजूने बोलायला इतिहास आहे, पण तो दोन वेगळ्या शहरांचा आहे.

हवानाच्या कारखान्यात सिगार वळणारे तोर्सेदोर स्वतः वळलेला सिगार बाकावरच पेटवतात. पानं वळता यावीत म्हणून ओलसर केलेली असतात, त्यामुळे अगदी ताजा सिगार एका वेगळ्याच गोडव्याने जळतो. हा काळ थोडा टिकतो. मग ओल बाहेर पडू लागते, आतलं आंबणं पुन्हा थोडं जागं होतं आणि धुरात अमोनियाचा उग्र वास येतो. जाणकार याला सिगारचा आजारी काळ म्हणतात. कारखान्यात वळलेले सिगार काही काळ देवदारी लाकडाच्या कपाटांत विसावतात, ते ही जास्तीची ओल जावी म्हणून.

लंडनची सवय निराळी होती. तिथले व्यापारी हवानाहून आलेला माल आपल्या कोठारात मुरवत आणि मगच गिऱ्हाइकासमोर ठेवत. सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या ‘रॉबर्ट लुइस’ या सिगारच्या दुकानात 1900 साली विन्स्टन चर्चिल यांचं खातं उघडलं गेलं, ते याच परंपरेत. आज जगभर ‘सिगार मुरवायचा असतो’ असं जे गृहीत धरलं जातं, त्यातला मोठा वाटा या इंग्रजी आवडीचा आहे.

पण मुरणं पेटीत सुरू होत नाही, ते पश्चिम क्यूबातल्या पिनार देल रिओ प्रांताच्या शेतांमागून सुरू होतं. तिथल्या वुएल्ता आबाहो या तंबाखूच्या पट्ट्यात खुडलेली पानं आधी वाळतात, मग ढीग रचून आंबवली जातात. आतल्या भरावाची पानं दोनदा आंबतात, वरच्या आवरणाचं नाजूक पान एकदाच. त्यानंतर गाठोडी बांधून ती जुनी होऊ देतात आणि इथे प्रत्येक पानाची मुदत वेगळी असते. रोपाच्या शेंड्याकडचं जोरकस ‘लिहेरो’ नेहमीच्या सिगारसाठीसुद्धा किमान दोन वर्षं थांबतं. मधलं सुगंधी ‘सेको’ आणि खालचं, नीट जळणारं ‘वोलादो’ त्याहून लवकर कामाला येतं. आवरणाच्या पानाला तर महिन्यांचाच अवधी मिळतो.

एदिसिओन लिमितादा या मालिकेची सगळी कल्पना याच आवरणाभोवती उभी राहिली. क्यूबाचे सिगार जगभर विकणाऱ्या हाबानोस कंपनीने 2000 साली ती सुरू केली. पहिल्या वर्षी मॉन्तेक्रिस्तो या ब्रँडचा रोबुस्तो होता, पार्तागासचा पिरामिदे होता; रोबुस्तो, पिरामिदे ही सिगारच्या मापांची नावं. त्या ब्रँडच्या नेहमीच्या यादीत नसलेलं माप, काळ्या-सोनेरी रंगाची दुसरी पट्टी, आणि सावलीत वाढवलेल्या रोपाच्या वरच्या भागातलं, किमान दोन वर्षं जुनं, गडद आवरण. वेळ सोपी नव्हती. नव्वदच्या दशकात सिगारची मागणी उसळली होती, सोव्हिएत मदत तुटल्यामुळे क्यूबाला परकीय चलन हवं होतं आणि उत्पादन घाईने वाढवलं गेलं. त्या अखेरच्या वर्षांतल्या सिगारांबद्दल, ते इतके घट्ट वळलेले असतात की ओढले जात नाहीत, अशी तक्रार सर्रास होती. त्याच 2000 साली फ्रेंच-स्पॅनिश आल्तादिस कंपनीने हाबानोसचा निम्मा हिस्सा घेतला. अशा वेळी ‘जुनं पान’ हा शब्द विश्वास परत मिळवणारा होता.

आणखी एक छोटा बदल त्याच सुमारास झाला आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. 1985 पासून पेटीच्या तळावरची तारीख ‘निवेलाकुसो’ (NIVELACUSO) या दहा अक्षरांच्या सांकेतिक लिपीत असे, म्हणजे N म्हणजे एक, I म्हणजे दोन, असं. 2000 पासून तिथे महिना आणि वर्ष उघड छापलं जाऊ लागलं. सिगारचं वय कुणालाही वाचता येऊ लागलं आणि पेटी किती मुरली याचा हिशेब हा शौकाचाच भाग झाला.

पहिल्या सात वर्षांत या मालिकेत फक्त आवरण जुनं असे, आतला भराव नेहमीचा. म्हणून कोहिबा या ब्रँडचा 2001 चा पिरामिदे किंवा 2004 चा कोहिबा सुब्लिमेस यांचा विचार करताना ‘थोडं थांबा’ हा सल्ला रास्त होता. 2007 पासून आवरण, बांधणीचं पान आणि भराव अशी सगळीच पानं किमान दोन वर्षं जुनी वापरायला सुरुवात झाली. लिहेरोला याने फारसा फरक पडला नाही, खरा फायदा सेको आणि वोलादोला झाला. 2011 चा ‘कोहिबा 1966’ नावाचा सिगार किंवा 2017 चा ‘तालिस्मान’ नवा असतानाच ओढून बघणं म्हणूनच उतावळेपणा ठरत नाही.

तरीही ताज्या चवीवरून अखेरचा निकाल देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मसाला कितीही जुना असला तरी लोणचं भरणीत मुरावंच लागतं. वळल्यानंतर वेगवेगळी पानं एकमेकांत मिसळायला जो काळ लागतो, तो गाठोड्यातल्या वर्षांनी भरून निघत नाही. ताजा सिगार पानाची प्रत, वळणाऱ्याचा हात आणि धूर नीट ओढला जातो का हे प्रामाणिकपणे सांगतो. मिश्रण पुढे कुठे जाईल, याचा तो फक्त अंदाज देतो. आणि ‘नवा’ म्हणजे तरी किती नवा? हे सिगार फेब्रुवारीच्या सुमारास हवानाच्या सिगार महोत्सवात जाहीर होतात, पण दुकानात पोहोचायला कित्येकदा वर्षअखेर उजाडते, कधी त्याहूनही उशीर होतो. ओढण्याआधी पेटी उलटी करून तारीख वाचावी. ती जुनी असेल तर आजारी काळ वाटेतच सरलेला असण्याची शक्यता बरीच असते.

2015 मध्ये हाबानोसने ‘आन्येहादोस’ नावाची वेगळी मालिका काढली. मॉन्तेक्रिस्तोचा ‘चर्चिल’ मापाचा सिगार आणि रोमिओ इ हुलिएताचा पिरामिदे यांपासून तिची सुरुवात झाली. यात पानं नव्हे, तर वळलेले सिगारच क्यूबात पाच ते आठ वर्षं त्यांच्या मूळ पेट्यांमध्ये ठेवून मग विकले जातात. पान मुरणं आणि सिगार मुरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून खुद्द हवानानेच मान्य केलं.