मुंबई ते लंडन: अंतर तेच, मग वेळ का बदलत राहिली?

मुंबई-लंडन सरळ हवाई अंतर साधारण ७२०० किलोमीटर. आज नॉनस्टॉप विमान जाताना दहा तासांच्या आसपास घेतं, येताना तासभर कमी, कारण वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, जाताना ते तोंडावर येतात आणि येताना मागून ढकलतात. पण ही वेळ इथवर कशी आली ते बघण्यासारखं आहे.

१८६९ ला सुवेझ कालवा झाला, त्याआधी बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायच्या आणि महिनेच्या महिने लागायचे, नंतर आगबोटीने ते दोन-तीन आठवड्यांवर आलं. विमान आलं मार्च १९२९ मध्ये, इम्पिरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीची लंडन-कराची सेवा, सात दिवस! आणि ते पण सलग विमान नाहीच. लंडनच्या क्रॉयडन विमानतळाहून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत विमान, मग जिनोआपर्यंत चक्क ट्रेन, कारण हवेतून इटलीत शिरायची परवानगी मिळाली नव्हती, पुढे पाण्यावर उतरणारं विमान घेऊन अलेक्झांड्रिया, तिथून कैरो आणि मग दुसऱ्या विमानाने कराची.

कराचीला आलेली टपाल मुंबईपर्यंत आणली जेआरडी टाटांनी, १५ ऑक्टोबर १९३२, स्वतः पस मॉथ नावाचं छोटं विमान चालवत, अहमदाबादला पेट्रोल भरून जुहूला उतरले. अहमदाबादला ते पेट्रोल बैलगाडीतून आणलं होतं. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जायची म्हणून ते चार महिने कारभार पुण्याला हलवायला लागायचा.

मुंबईहून एकाच विमानाने लंडन सुरू झालं ८ जून १९४८ ला. एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस', लॉकहीड कॉन्स्टेलेशन, ३५ प्रवासी, वाटेत कैरो आणि जिनिव्हा, एकूण जवळपास एक दिवस. स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं आणि आपलं विमान लंडनला उतरलं, मला तरी हे अजूनही भारी वाटतं.

१९६० ला बोइंग ७०७ जेट आलं आणि वेग ताशी ५०० वरून एकदम ९०० किलोमीटरच्या घरात गेला. लोकांना वाटतं त्यानंतर विमानं अजून फास्ट झाली, तसं झालेलं नाही, आजची विमानंही साधारण त्याच वेगाने उडतात. पुढे जो वेळ वाचला तो मधले थांबे गेले म्हणून, इंजिनं कमी इंधनात लांब जायला लागली म्हणून.

आणि खरा मुद्दा मला वाटतो तो दुसऱ्या देशाच्या आकाशातून उडायच्या परवानगीचा. सर्वात जवळची रेषा ओढली तर ती पाकिस्तान, इराण, कॉकेशस (अझरबैजान-जॉर्जियाचा भाग), युक्रेन अशी जाते. यातलं युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद, पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना बंदी घातली. त्यामुळे तेवढं टाळून वळसा घ्यायचा, वळसा म्हणजे जास्त इंधन, त्याचा भार शेवटी तिकिटावर. १३ जून २०२५ ला इराणवर हल्ले झाले आणि तिथलं आकाशही बंद झालं, त्या पहाटे मुंबईहून लंडनला निघालेलं एक विमान काही तास उडून परत मुंबईलाच उतरलं.