डब्याच्या रिंगचा वास आणि चिपमधलं यकृत

लोणच्याचा डबा कितीही घासा, झाकणातल्या सिलिकॉनच्या रिंगला वास राहतोच. स्टील एका धुण्यात स्वच्छ होतं. रिंग मात्र साबण, लिंबू, गरम पाणी असं सगळं करून झालं तरी नाकाजवळ नेली की हिंग आणि मेथी ओळखू येतात. वास रिंगच्या वर बसलेला नसतो, आत मुरलेला असतो.

या रिंगच्याच कुळातल्या पदार्थात जगभरच्या प्रयोगशाळा आज माणसाच्या पेशी वाढवून त्यांच्यावर औषधं तपासतात. त्याचं नाव पॉलिडायमिथिलसिलॉक्सेन, बोलण्यात पीडीएमएस. 2010 मध्ये हार्वर्डमधल्या डोनाल्ड इंगबर यांच्या गटाने त्यातून पेनड्राइव्हएवढं ‘फुप्फुस’ बनवलं. आत दोन बारीक नलिका आणि त्यांच्यामध्ये 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा सच्छिद्र पडदा होता. पडद्याच्या एका बाजूला फुप्फुसाच्या पेशी आणि हवा, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी. कडेच्या पोकळ्यांतली हवा खेचली की पडदा श्वासासारखा ताणला जायचा. हीच ती ऑर्गन-ऑन-चिप, म्हणजे चिपवरचा अवयव. यकृताच्या पेशी घालून तसंच यकृतही करतात. औषधांच्या चाचणीत प्राण्यांऐवजी असे पर्याय वापरायला भारतातही मार्च 2023 मध्ये नियमांत वाट मिळाली, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

पण ही चिप बहुधा एकदाच वापरून टाकून देतात. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतून 2014 मध्ये सुमारे 55 लाख टन प्लास्टिक कचरा निघाला असावा, असा एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांचा अंदाज आहे. मग चिप कशाची करावी? ‘मक्याच्या, कुजणाऱ्या प्लास्टिकची करा,’ हे उत्तर लगेच येतं. कुजण्याकडे नंतर वळू. आधी मुरणं समजून घ्यायला हवं, कारण खरी गोम तिथे आहे.

पीडीएमएसचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या अणूंची एकाआड एक साखळी असतो. ही साखळी विलक्षण लवचीक असते. प्रत्येक पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंनी बनलेल्या पदार्थाचं, एक तापमान असतं, ज्याच्या खाली त्याच्या साखळ्या जागच्या जागी गोठतात. त्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. पॉलिस्टायरीन या कडक प्लास्टिकचं ते साधारण 100 अंश सेल्सिअस आहे, पीडीएमएसचं उणे 125 च्या आसपास. म्हणजे शरीराच्या 37 अंशांना पॉलिस्टायरीनच्या साखळ्या गोठलेल्या असतात आणि पीडीएमएसच्या सतत वळवळत असतात. वळवळताना त्यांच्यामध्ये फटी उघडतात, मिटतात. पाण्यापेक्षा तेलात रमणारा छोटा रेणू अशा फटीत शिरला की पुढच्या फटीत सरकतो आणि पाणी सोडून भिंतीतच घर करतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या टोएपके आणि बीब या संशोधकांनी 2006 मध्ये नाइल रेड हा चमकणारा रंग नलिकेत सोडून तो असा भिंतीत शिरताना दाखवला. कित्येक औषधांचे रेणूही याच तेलकट स्वभावाचे असतात.

नलिका बारीक असल्यामुळे हे आणखी बिघडतं. 100 मायक्रॉन रुंद आणि तितक्याच खोल नलिकेत दर मायक्रोलिटर द्रवाला 40 चौरस मिलिमीटर भिंत लागून असते. एक लिटरच्या चौकोनी डब्यात हेच प्रमाण 0.06 पडतं. म्हणजे भिंतीचा संपर्क साडेसहाशे पटींहून जास्त! औषध 10 एकक सोडलं आणि यकृताच्या पेशींना 3 च मिळालं, तर औषध सुरक्षित आहे असा निकाल येईल, आणि तो खोटा असेल. मग चाचणी पुन्हा करायची, चिपा पुन्हा फेकायच्या. माझ्या मते टिकाऊपणाचा हिशेब इथूनच सुरू व्हायला हवा.

मका किंवा उसाच्या साखरेपासून होणारं पॉलिलॅक्टिक ॲसिड, म्हणजे पीएलए, या परीक्षेत चांगलं उतरतं. त्याचं काच-संक्रमण तापमान 60 अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे 37 अंशांना साखळ्या गोठलेल्याच राहतात आणि औषध फारसं मुरत नाही. एडिंबराच्या हेरियट-वॉट विद्यापीठातल्या गटाने 2020 मध्ये पीएलएच्या चिपांवर हे तपासून मांडलं. अडचण निर्जंतुकीकरणाची. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राच्या, 121 अंशांना पीएलए लोळागोळा होतं, म्हणून अल्कोहोल किंवा अतिनील किरणांवर भागवावं लागतं.

आता कुजण्याबद्दल. ‘कंपोस्टेबल’ शिक्का असलेला पीएलएचा पेला परसातल्या खड्ड्यात टाकला की माती होईल, ही समजूत चुकीची आहे. त्याला सुमारे 58 अंशांवर तापलेला औद्योगिक खताचा ढीग लागतो. नाल्यात किंवा समुद्रात तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहू शकतो. आणि पेशी वाढवलेली चिप तर खताच्या ढिगापर्यंत पोचतच नाही. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पेशी आणि त्या वाढवायची भांडी निर्जंतुक करून पिवळ्या पिशवीत जातात, तिथून भट्टीत. म्हणजे पीएलएचा फायदा कुजण्यात नाही. पीएलए जळताना सुटणारा कार्बन पिकाने नुकताच हवेतून घेतलेला असतो, हा तो फायदा. शेती आणि कारखान्याची ऊर्जा त्यातून वजा करायची, तेव्हा खरा आकडा हाती येतो.

तरीही पीडीएमएसला सरसकट निरोप देता येत नाही. त्यातून ऑक्सिजन सहज आरपार जातो. पीएलएच्या चिपेत यकृताच्या हावरट पेशींना तो वाहत्या द्रवातूनच पुरवावा लागतो. शिवाय पीएलए ताणलं की तडकतं, म्हणून श्वास घेणारं फुप्फुस त्यातून होणार नाही. मला पटणारा मार्ग मिश्र आहे: सांगाडा पीएलएचा किंवा ॲक्रिलिकचा, आणि पीडीएमएस फक्त त्या 10 मायक्रॉनच्या पडद्यापुरतं. इतक्या पातळ थरात औषध मुरून मुरून किती मुरणार! आता झगडा आहे तो या दोन पदार्थांमधला जोड पेशींना न दुखवता, थेंबही न गळता कसा बसवायचा, याचा.