आभाळ फाटण्याआधीचा इतिहास

हवामानबदलाच्या चर्चेत लहान शेतकरी येतो तो बहुधा पीक गेल्याच्या बातमीतून. पण एकाच बांधाच्या दोन बाजूंना दुष्काळ सारखा पडत नाही. ज्याच्याकडे विहीर आहे, घरात धान्य आहे, जमिनीचा कागद स्वतःच्या नावावर आहे, तो पुढच्या पेरणीला उभा राहतो. खंडाने किंवा वाट्याने कसणाऱ्याला बँक सहसा दारात उभी करत नाही. मग सावकार, आणि पुढचे पीक येण्याआधीच गहाण. ही दरी आभाळाने पाडलेली नाही.

आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत वसाहतींच्या काळातच कितीतरी सुपीक जमीन निर्यातीच्या पिकांखाली गेली आणि कसणारे उतारांवर, हलक्या रानात ढकलले गेले. आज अवकाळी पावसाने आधी वाहून जाते ती तीच माती. स्वातंत्र्यानंतरच्या जमीनसुधारणा अनेक देशांत अर्ध्यावर राहिल्या. १९८०च्या दशकात कर्जबाजारी देशांनी जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या अटींखाली शेतीवरचा सरकारी खर्च कापला. १९९५मध्ये शेतमालाच्या आयातशुल्काचे आणि अनुदानांचे नियम ठरवणारा जागतिक व्यापार संघटनेचा शेतीकरार लागू झाला.

त्याच सुमारास लहान शेतकरी देशांच्या सीमा ओलांडून एकत्र येऊ लागले. १९९३मध्ये बेल्जियमच्या मॉन्स शहरात ‘ला व्हिया काम्पेसिना’ ही लहान शेतकऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. १७ एप्रिल १९९६ रोजी ब्राझीलमध्ये एल्दोरादो दोस काराजास येथे जमीन मागणाऱ्या १९ भूमिहीनांना पोलिसांनी ठार केले. त्याच वर्षी रोमच्या जागतिक अन्न परिषदेच्या वेळी ‘ला व्हिया काम्पेसिना’ने ‘अन्नसार्वभौमत्व’ हा शब्द जगापुढे मांडला: काय पिकवायचे, कोणत्या बियाण्याने, हे पिकवणाऱ्यांनी ठरवावे.

हवामानाच्या वाटाघाटी मात्र वेगळ्याच खोलीत चालू होत्या. १९९२च्या हवामान करारानंतर शेतीला स्वतंत्र कार्यक्रम मिळायला २०१७ उजाडले. मला हा उशीर अक्षम्य वाटतो. डिसेंबर २०१८मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्रामीण कष्टकऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा १२१ विरुद्ध ८ मतांनी स्वीकारला. ५४ देश तटस्थ राहिले. त्यात जमिनीचा आणि बियाण्याचा हक्क आहे, कायद्याचे बंधन नाही.

हवामानबदलाची झळ बसलेल्या गरीब देशांना मदत देण्यासाठीच्या हानी-नुकसान निधीचा निर्णय २०२२मध्ये झाला. पण जगातल्या जमीनधारकांत स्त्रिया १५ टक्क्यांहूनही कमी आहेत, आणि जिथे भरपाईची यादी जमिनीच्या कागदावरून बनते तिथे पेरणी-खुरपणी करणारीचे नाव त्यात येतच नाही.