छळ सिद्ध झाला म्हणजे निर्दोष सुटका?

"नवऱ्याने छळल्याचं सिद्ध झालं की त्याला मारणारी बायको सुटते," हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. कायदा तसा नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 मध्ये खुनाला दोनच शिक्षा आहेत, फाशी किंवा जन्मठेप. छळ पाहून न्यायाधीश त्याखाली येऊ शकत नाहीत. फरक पडतो तो आधी, गुन्हा कोणता हे ठरताना. गंभीर आणि अचानक चिथावणीने तोल सुटला असेल, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून कमी गंभीर गुन्हा ठरतो; हेतुपूर्वक असल्यास जन्मठेप किंवा 5 ते 10 वर्षं. पण दुपारी मार खाल्ला आणि रात्री तो झोपल्यावर वार केला, तर 'अचानक' सिद्ध करणं अवघड. (ही अट मला जाचक वाटते.) हल्ला चालू असताना जीव वाचवायला केलेला वार मात्र स्वसंरक्षणात बसू शकतो, तिथे निर्दोष सुटका होते.

पडताळायचं तर संहिता सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे: कलम 101 चा पहिला अपवाद, मग 105 आणि 38.