ईश्वर, ऐश्वर्य आणि इंग्रजी 'ओन'

इंग्रजीत मालकी सांगायला 'ओन' आणि उधारी सांगायला 'ओ'. 'आय ओन' म्हणणारा मालक, 'आय ओ' म्हणणारा देणेकरी. अर्थाने समोरासमोर उभे असलेले हे दोन शब्द निघाले मात्र एकाच घरातून.

ते घर म्हणजे जुन्या इंग्रजीतलं 'आगान' हे क्रियापद. अर्थ, जवळ असणे. त्यावरून झालेलं विशेषण 'आगेन', म्हणजे स्वतःचं. पुढे मधला 'ग' विरघळून 'व'सारखा झाला आणि लांब 'आ'चा 'ओ' झाला. 'स्तान'चा 'स्टोन' आणि 'हाम'चा 'होम' झाला तोही याच ओघात. 'आगान'चं राहिलं 'ओ', 'आगेन'चं 'ओन'.

मग 'ओ'च्या वाट्याला कर्ज कसं आलं? मराठी माणसाला हे चटकन कळावं. 'मला घर आहे' आणि 'मला पैसे द्यायचे आहेत'. 'आहे' एकच, पण पहिल्या वाक्यात ते मिळकत सांगतं, दुसऱ्यात देणं. 'आगान'सुद्धा असंच 'द्यायचं आहे' या अर्थाने वापरलं जाऊ लागलं आणि हळूहळू देणं तेवढं त्याला चिकटून राहिलं. शेक्सपिअरच्या नाटकांत 'ओ' अजून मालकीच्या जुन्या अर्थानेही येतो. नवखा वाचक तिथे हमखास फसतो. याच क्रियापदाचं भूतकाळी रूप 'ऑट' आज कर्तव्य सांगतं.

आणखी मागे गेलं की गंमत वाढते. चौथ्या शतकात बायबलचं गॉथिक भाषांतर झालं. गॉथिक ही इंग्रजीच्याच जर्मानिक कुळातली, आता लोपलेली भाषा. त्यात 'माझ्याकडे आहे' याला शब्द आहे 'ऐह'. आपण 'दश' म्हणतो तिथे गॉथिक 'तेहुन' म्हणते, 'शत'च्या जागी 'हुंद'. संस्कृत आणि जर्मानिक भाषा ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यातल्या एका 'क'चा संस्कृतात 'श' झाला आणि जर्मानिक भाषांत 'ह'. जर्मानिक बाजूच्या अशा बदलांची व्यवस्थित मांडणी जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये केली. 'ऐह'मधल्या 'ह'च्या जागी 'श' ठेवला की समोर येतो संस्कृतचा 'ईश्' धातू. भाषाशास्त्रज्ञ दोघांचं मूळ 'आइक्' असं काहीसं मांडतात (आपल्या 'ऐक'शी त्याचा संबंध नाही). धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, नोंद आहे, 'ईश ऐश्वर्ये'. ज्याची सत्ता चालते तो ईश. म्हणजे 'ईश्वर', 'ऐश्वर्य' आणि 'ओन' ही दूरची भावंडं.

मालकी आणि सत्ता यांची ही जोडी एवढ्या एकाच कुळाची नाही. 'मालक' हा शब्द मराठीत आला तो मूळचा अरबी. अरबी वेगळ्या भाषाकुळातली, 'ईश्'शी तिचं काही नातं नाही. तरी ज्या धातूपासून तिथे 'मालिक' म्हणजे धनी झाला, त्याच धातूपासून 'मलिक' म्हणजे राजा झाला, आणि आपला 'मुलूख'ही.