हृदयरोग प्रतिबंध व वर्तनवैद्यक : संशोधक-प्रशिक्षण

हृदयविकार होऊ नये, किंवा झालेला पुन्हा उलटू नये, यासाठी माणसाच्या सवयी, ताणतणाव आणि औषधे घेण्यातला नियमितपणा यांचा अभ्यास करणारे संशोधक घडवण्याची पद्धत. हे प्रशिक्षण बहुधा डॉक्टरेट किंवा वैद्यकीय पदवीनंतर दोन-तीन वर्षांच्या पाठ्यवृत्तीवर (फेलोशिप) होते. वैद्यकातून आलेल्याला रक्तदाब कळतो. पण रुग्ण गोळ्या मध्येच का सोडतो हे तपासायचे कसे, ते त्याला कोणी शिकवलेले नसते. मानसशास्त्रातून आलेल्याची अडचण नेमकी उलटी. म्हणून चांगल्या कार्यक्रमात प्रत्येकाला दोन्ही शाखांतले मार्गदर्शक दिले जातात.

या क्षेत्राला दोन मुळे आहेत. पहिले साथरोगशास्त्राचे, म्हणजे लोकसमूहात रोग कोणाला व का होतात याच्या अभ्यासाचे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे १९४८ मध्ये सुरू झालेल्या पाहणीतून धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हृदयरोगाशी असलेला संबंध स्पष्ट होत गेला आणि १९६१ च्या अहवालानंतर ‘जोखीम घटक’ ही कल्पना रुळली. दुसरे मूळ वर्तनशास्त्राचे. येल विद्यापीठातील १९७७ च्या परिषदेत वर्तनवैद्यकाची व्याख्या करण्याचा प्रयत्न झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सोसायटी ऑफ बिहेवियरल मेडिसिन स्थापन झाली. मधल्या काळात १९७४ च्या कायद्याने तेथे राष्ट्रीय संशोधन पाठ्यवृत्ती आल्या होत्या. हृदय, फुप्फुस व रक्तविकारांच्या राष्ट्रीय संस्थेकडून विद्यापीठांना मिळणारी प्रशिक्षण अनुदाने त्याच चौकटीत बसतात. डॉक्टरेटोत्तर पाठ्यवृत्तीचे पहिले वर्ष हे एक प्रकारचे ऋण असते. दुसरे वर्ष त्याच प्रशिक्षणात काढले की ते फिटते.

अभ्यासक्रमात संख्याशास्त्र, चाचण्यांची आखणी, संशोधनातील नीती आणि अनुदानाचे प्रस्ताव लिहिणे हे सगळे असतेच. खरा कस मात्र मोजमापात लागतो. रक्तदाब घेणारी व्यक्ती नकळत आकडा शून्यावर किंवा पाचावर आणून ठेवते. ही खोड टाळण्यासाठी शून्यबिंदू दरवेळी बदलणारे, म्हणजे खरा आकडा मोजून झाल्यावरच कळू देणारे रक्तदाबमापक बनवावे लागले. ‘सिगारेट सोडली’ हे सांगणे पुरेसे मानले जात नाही, लाळेतील किंवा रक्तातील कोटिनीन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासतात. गोळ्यांच्या बाटलीला झाकण उघडल्याची वेळ नोंदवणारे यंत्र बसवतात. तरी गोळी तोंडात गेली की बेसिनमध्ये, हे ते यंत्र सांगू शकत नाहीच.

याहून अधिक शिकवतात त्या अपेक्षाभंग करणाऱ्या चाचण्या. अमेरिकेतील ‘एमआरफिट’ या चाचणीत मोठी जोखीम असलेले १२,८६६ पुरुष होते. निम्म्यांना आहार, धूम्रपान व रक्तदाब यांबाबत खास मदत मिळाली, बाकीचे आपापल्या डॉक्टरांकडे जात राहिले. १९८२ मध्ये निकाल आला तेव्हा हृदयरोगाने होणाऱ्या मृत्यूंत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. याचे एक मोठे कारण असे, की दुसऱ्या गटानेही सिगारेट बरीच कमी केली होती. वर्तनाच्या चाचणीत तुलनेचा गट जागच्या जागी थांबून राहत नाही, हा धडा कोणत्याही व्याख्यानापेक्षा येथे नीट कळतो. ‘एनरिच्ड’ चाचणीत (२००३) हृदयविकाराच्या झटक्यानंतर खिन्नता किंवा एकटेपणा असलेल्या २,४८१ रुग्णांचा समावेश होता. मानसोपचाराने खिन्नता काहीशी उतरली, पण मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. उपचार कमी पडला, की खिन्नता हे कारण नसून केवळ खूण आहे? यावर वर्गात हटकून वाद होतो, आणि तो मिटवण्याची घाई कोणी करू नये.

‘टाइप ए’ स्वभावाचे प्रकरणही आवर्जून शिकवावे असे आहे. फ्रीडमन आणि रोझेनमन या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांनी १९५९ मध्ये घाईगर्दीच्या, चढाओढीच्या वागण्याचा हृदयरोगाशी संबंध दाखवला. पुढच्या बहुतेक अभ्यासांत तो टिकला नाही, वैरभाव एवढा घटक काही प्रमाणात उरला. तंबाखू कंपन्यांनी या संशोधनाला पैसा पुरवला होता, हे त्यांची अंतर्गत कागदपत्रे उघड झाल्यावर समजले. पैसा कोणाचा, हे विचारण्याची सवय अशा उदाहरणांनीच लागते.

२०१५ मध्ये मांडलेल्या ‘ऑर्बिट’ आराखड्याने शिकाऊ संशोधकांना एक सोय दिली : औषधाप्रमाणेच वर्तनोपचारही आधी छोट्या प्रमाणावर घडवायचा, सुधारायचा, मगच मोठ्या चाचणीत उतरवायचा. दोन-तीन वर्षांच्या पाठ्यवृत्तीत मोठी चाचणी पूर्ण होणे शक्यच नसते, त्यामुळे या आधीच्या टप्प्यांना मान मिळणे महत्त्वाचे ठरले.

अमेरिकेच्या वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाठ्यवृत्ती तेथील नागरिक व कायम रहिवाशांपुरत्याच आहेत. इतर देशांतल्यांसाठी हृदयरोगाचे साथरोगशास्त्र व प्रतिबंध यांवरचे दहा दिवसांचे आंतरराष्ट्रीय अध्यापन शिबिर हा जुना मार्ग आहे. ते पहिल्यांदा १९६८ मध्ये तत्कालीन युगोस्लाव्हियातील माकार्स्का येथे भरले. जेरेमाया स्टॅमलर व जेफ्री रोझ यांच्यासारखे हृदयरोग प्रतिबंधातले नामवंत संशोधक तेथे शिकवायला होते.