बंगाली भाषकांचे इंग्रजी आणि शाळेचे माध्यम

शाळा बांग्ला माध्यमाची की इंग्रजी, यावर बंगाली माणसाचे इंग्रजी किती अवलंबून असते, हा वाद पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात अनेक दशके चालू आहे. त्यात एक गल्लत वारंवार होते: बांग्लातून शिकणे वेगळे आणि इंग्रजी उशिरा शिकणे वेगळे.

पश्चिम बंगालमध्ये 1980च्या दशकाच्या सुरुवातीला डाव्या आघाडीच्या सरकारने सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी हा विषय काढून तो सहावीपासून ठेवला. माध्यम आधीपासून बांग्लाच होते. गेला तो विषय. मातृभाषा म्हणजे आईचे दूध, हे रवींद्रनाथांचे वचन त्यासाठी पुढे केले गेले. शांतिनिकेतनच्या मुलांसाठी इंग्रजीची प्राथमिक पुस्तके रवींद्रनाथांनीच लिहिली होती, हे मात्र सोयीने बाजूला पडले. विरोध वाढत गेला. भाषातज्ज्ञ पवित्र सरकार यांच्या समितीनंतर 1999 मध्ये विषय खालच्या वर्गांत परतला आणि 2004 पासून पहिलीत आला. मधल्या काळात ऐपत असलेल्यांनी खासगी इंग्रजी शाळा गाठल्या किंवा शिकवणी लावली. फटका बसला तो गावाकडच्या मुलांना. (महाराष्ट्रात मराठी शाळांतले इंग्रजी 2000 पर्यंत पाचवीला सुरू होई.)

बांगलादेशाची गोष्ट उलटी आहे. तिथे 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून इंग्रजी पहिलीपासून सक्तीचे, तरी बारा वर्षे शिकूनही अनेकांना चार वाक्ये सलग बोलता येत नाहीत. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत बोलणे आणि ऐकणे तपासले जात नाही, मग गाइडमधले निबंध पाठ होतात. ढाक्यातल्या ब्रिटिश ‘ओ लेव्हल’ (दहावीच्या पातळीची परीक्षा) देणाऱ्या शाळांतली मुले सफाईने बोलतात, पण त्यांच्या घरी इंग्रजी पुस्तके आणि पैसाही असतो. त्यामुळे श्रेय माध्यमाचे की घराचे, हे सोडवणे अवघड. राष्ट्रीय अभ्यासक्रमच इंग्रजीतून शिकवणारे ‘इंग्लिश व्हर्शन’ आणि मदरसे हे आणखी दोन प्रवाह.

काही चुका माध्यमाच्या नव्हेत, भाषेच्याच आहेत. ‘आमि छात्रो’ म्हणजे ‘मी विद्यार्थी’; ‘आहे’ लागत नाही, म्हणून इंग्रजीतले ‘अ‍ॅम’, ‘इज’ गळतात. ‘शे’ या एकाच सर्वनामात आपले ‘तो’ आणि ‘ती’ दोन्ही मावतात, म्हणून ‘ही’ आणि ‘शी’ची अदलाबदल होते. ‘व्ही’चा ‘भ’ आणि ‘झेड’चा ‘ज’ होतो, ‘स्कूल’चे ‘इस्कुल’. इंग्रजी माध्यमातल्या मुलांतही हे उच्चार ऐकू येतात, कारण वर्गातले शिक्षक बहुधा बंगालीच असतात. सर्वनामाची चूक मात्र सरावाने लवकर सुटते, आणि सराव शाळेत मिळाला नाही तर तो विकत घ्यावा लागतो. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात 2022च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत सुमारे 74 टक्के शाळकरी मुले पैसे भरून शिकवणीला जात होती.